सत्तावीस नंबरची डबी

सोमवार, १४ जुलै

जाफराबादहून जीपने आलो, मांडीवर सूक्ष्मदर्शक घेऊन. शेजारच्या आजोबांनी विचारलं, मिक्सर आहे का? मी हो म्हणून टाकलं. कोण समजावत बसणार! शाळेने एक रिकामा वर्ग दिलाय, खिडकीतून झकास उजेड येतो. चाळीस मुलांच्या पोटातल्या जंतांच्या दोन चाचण्या ताडून पाहायच्यात. जुनी माझी: शौचाच्या नमुन्याची काचपट्टी करायची आणि डोळ्यांनी अंडी मोजायची. नवी यंत्रावरची: उरलेला नमुना जालन्याला जाणार, निकाल आठवड्याने. यंत्राला माझ्या डोळ्यांची सर येणार नाही, पैज लावतो. पथ्य एकच, पट्टी अर्ध्या तासात वाचायची. त्यानंतर हुकवर्मची, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या जंताची, अंडी विरून जातात आणि पट्टी स्वच्छ दिसते.

मुख्याध्यापक सर्जेराव सर चहाचे शौकीन निघाले. आमचं जमणार.

मंगळवार, १५ जुलै

चाळीसच्या चाळीस डब्या आल्या. सत्तावीस नंबर अक्षताचा. तिसरीतली, ओठ पांढरेफटक. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कौसल्याताईंची ही मुलगी. त्या मुद्दाम सांगायला आल्या, ‘सर, बराबर बघा बरं. पोरगी लपून माती खाऊन राह्यली.’

तिची पट्टी केली आणि तेवढ्यात सर्जेराव सरांनी चहाला ओढून नेलं. गप्पांत दोन तास गेले. परत येऊन पाहिलं तर पट्टी स्वच्छ. उरलेला नमुना जालन्याला गेलेला. वहीत लिहिलं: नाही.

ज्यांचं ‘होय’ आलं त्यांना गोळ्या दिल्या, रक्त तपासायला पाठवलं. अक्षता वर्गात परत गेली. चाळिसातल्या एका पट्टीने काय बिघडतंय!

सोमवार, २१ जुलै

अक्षता गेली. शनिवारी प्रार्थनेला उभी असताना कोसळली. दवाखान्यात म्हणाले, अंगात रक्तच उरलं नव्हतं.

आजच जालन्याचा निकाल आला. सत्तावीस: होय. भरपूर.

संध्याकाळी कौसल्याताई आल्या. रडत नव्हत्या. ‘जंत न्हाई म्हणलं होतं ना तुमी? मंग काय झाल्तं माह्या लेकीला?’ मी पुन्हा ‘नाही’च म्हणालो. नोकरी जाईल म्हणून. लिहिताना स्वतःची लाज वाटतेय.

बुधवार, २३ जुलै

सकाळी टेबलावर सत्तावीस नंबरची डबी. कुणी ठेवली, कुणालाच माहीत नाही. नमुना जालन्याला पाठवल्यावर ती रिकामी डबी मी स्वतःच्या हाताने जाळली होती. आत नमुना होता, अजून कोमट.

न राहवून पट्टी केली. अंडीच अंडी. दोन तासांनी पुन्हा पाहिली. एकही विरलं नव्हतं.

गुरुवार, २४ जुलै

पुन्हा डबी. मैदानामागे खड्डा करून पुरली. हात तीनदा धुतले तरी नखांत माती राहिली, आणि ती मी — चाटली. गोड लागली.

शुक्रवार, २५ जुलै

डबी परत आलीये, ओल्या मातीने माखलेली. आरशात माझे ओठ पांढरे. खिशात ढेकळं आहेत — मी कधी भरली?

सांगून टाकतो. कौसल्याताई आज कामावर आल्यात. मधल्या सुट्टीत सांगतो, मग जे व्हायचं ते होवो.

दुपारी

त्यांच्यासमोर उभा राहिलो. तोंड उघडलं — माती पडली. जीभ हलेना. मग वहीच्या नव्या पानावर सगळं लिहिलं. चहा, दोन तास, स्वच्छ पट्टी, माझं खोटं. त्या पोरांना वाढत होत्या. थांबा म्हणाल्या. अर्धा तास थांबलो.

हात पुसून आल्या. पान बराच वेळ पाहत राहिल्या.

‘सर, कोरंच हाय की हे.’

पुन्हा लिहितोय. समोर बसवलंय त्यांना. वरच्या ओळी फिकट होताहेत — त्या उठल्या — ताई, जाऊ नका, आत्ताच वाचा, लगेच — तुमच्या अक्षताच्या पोटात जंत हो—