तुया वजनानं

बाबा, काल मी भर मैदानात स्वतःची फजिती करून घेतली. आमच्या कंपनीच्या नव्या स्पोर्ट्स कारची चाचणी होती. चालवणारा आत बसून इशाऱ्याची वाट बघत होता आणि वायरलेसवर 'गो' म्हणायच्या जागी माझ्या तोंडून निघालं, "सोड जोडी!" पुण्याची सगळी पोरं खो-खो हसली. मग मलाच सांगावं लागलं, की आमच्या पवनीकडे धान निघालं की शंकरपट भरतो, शर्यतीत दोन बैलांचा हलका छकडा पळवतात आणि माझे बाबा धुरकरी होते, म्हणजे छकडा हाकणारे.

काल दोन गाड्या होत्या. एकीचं इंजिन मोठं, पण अंगानं जड. दुसरीचं लहान, पण गाडी फारच हलकी. सुटताना हलकीच पुढे निघाली. लांब पल्ल्यावर जड गाडीनं हलकीला गाठलं, पण सुरुवातीची उडी काही तिला जमली नाही. इंजिनाच्या ताकदीला गाडीच्या वजनानं भागायचं. किलोमागे ताकद जास्त निघाली की गाडी झटकन वेग घेते. म्हणून आम्ही मागची सीट काढतो, काचा पातळ करतो. तुम्ही पटाच्या दिवशी सकाळपासून उपाशी असायचात. आई चुलीपुढून चिडायची, "बैलायले ढेप चारता, अन् सोता काहून उपाशी?" तुम्ही हसून कमरेचा करदोडासुद्धा काढून तिच्या हातात ठेवायचात. आणि मी छकड्यावर चढले, की म्हणायचात, "उतर बाई. तुया वजनानं जोडी मांगं पडते." तुमचं खरंच होतं. पण पोरगी म्हणजे ओझं, असं शेजारच्या बायांच्या तोंडून ऐकत वाढलेल्या मला ते वाक्य पटापुरतं कधी वाटलंच नाही. ते कुसळासारखं सलत राहिलं. मी तुम्हाला जड झाले होते का, हे विचारायचं राहून गेलं.

आज चाचणीचे आकडे मांडताना मी घर सोडलं तो दिवस आठवला. मी कॉलेजसाठी नागपूरला निघाले आहे. दारात बैलगाडी उभी असताना तुम्ही पटाचाच छकडा जुंपता. माझी पत्र्याची पेटी वर ठेवता, मला बसवता. आई डोळे पुसता पुसता टोमणा मारते, "आता नाई होत का इचं वजन?" तुम्ही कासरा हातात घेता. पवनीच्या वाटेनं ती पट जिंकलेली जोडी अशी रमतगमत चालते, की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जातात. स्टँडवर पोचतो तोवर बस निघून गेलेली असते. बैलांच्या पाठीवर हात फिरवत तुम्ही म्हणता, "बैल थकले आज. दुसरी गाडी दुपारी हाय." मग आपण बाकड्यावर बसून आलूबोंडे खातो, आणि तुम्ही पोटभर खाता.

मी हिशेब पुन्हा पुन्हा करून पाहिला, बाबा. छकडा, तुम्ही, मी, पेटी, सगळं धरून. एवढ्याशा वजनानं ती जोडी थकणं शक्यच नाही. कासरा तुम्ही मुठीत गच्च ओढून धरला होता. मला तेव्हा वाटलं, तुम्ही पटाचे बैल जपताय.

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार, म्हणून एक सांगून टाकते. बस चुकणार, हे मला तळ्याच्या वळणावरच कळलं होतं. तरी मी "लवकर चला" म्हटलं नाही.