तिकोणा पेठेतलं स्टूल

मंगळवार संध्याकाळ, तळेगाव

ते स्टूल काही डोक्यातून जात नाही.

मी नेटवर्क सांभाळतो त्या तिकोणा पेठेतल्या रिसॉर्टचा राउटर दुपारी आमच्या ऑफिसातून, दुरून उघडेना. एका वेळी एकालाच आत जाता येतं, आणि स्क्रीनवर एकच ओळ, 'जुनं कनेक्शन अजून चालू आहे'. मी तिथल्या काउंटरवरच्या शांतामावशींना फोन लावला आणि सरळ म्हणालो, "तुम्ही कशाला तरी हात लावलाय."

"न्हाई ओ साहेब, आमी कशाला लावू?"

त्यांचा गुडघा दुखतो, हे मला ठाऊक आहे. तरी स्टूलवर चढून माळ्यावरचा राउटर बंद-चालू करायला लावला, पुन्हा पुन्हा. फोनमधून स्टूलची करकर ऐकू येत होती. तिकडे काउंटरसमोर पाहुणे खोळंबलेले.

मग आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर पाहिलं की हे कनेक्शन आहे तरी कुणाचं. नाव माझंच. सकाळी घरून याच राउटरवर काम केलं आणि लॉगआउट न करता लॅपटॉप मिटून निघालो होतो. ते तोडलं आणि राउटर लगेच उघडला. आधी बघायला काय झालं होतं मला?

खरं सांगायलाच परत फोन केला होता. पण मावशीच आधी बोलल्या, "आमचंच कायतरी चुकलं असंल, साहेब."

आणि मी म्हणालो, "असू दे. पुढच्या वेळी लक्ष ठेवा."