डोहात गेलेला तमगा

आबा, काल हैदराबादचा एक व्यापारी घरी आला होता. जुन्या लष्करी वस्तूंचा धंदा करतो. चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग खिशातून एक मखमली डबी काढून माझ्यापुढं ठेवली. आत जर्मनांचा गळ्यात बांधायचा क्रॉस. काळं लोखंड, चांदीची कड, मधोमध ते स्वस्तिक. अस्सल होता. मी भिंग लावून पाहिला, उलटा करून पाहिला, कडेचा जोड पाहिला आणि डबी बंद करून परत दिली. बिचारा चक्रावलाच. "साब, मैंने सुना था आप तो इसके वास्ते पागल हैं," म्हणाला. बरोबरच ऐकलं होतं त्यानं, एकेकाळी होतोच. पण तो गेल्यावर मी पोटभर जेवलो, गाढ झोपलो, आणि सकाळी उठल्यावर वाटलं की हे आबांना सांगायला पाहिजे. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी ही गोष्ट सांगायला माझ्याकडं दुसरं माणूस नाही.

आपल्या घरातला तसलाच क्रॉस मला अजून दिसतो. देवघर म्हणजे काय, भिंतीतला एक कोनाडा. त्यात चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देवांचे टाक, आणि त्यांच्या पुढ्यात तुम्ही इटलीहून आणलेला तमगा. मोठ्या लढाईत तुम्ही मजूर पलटणीत होता, सडका करायला आणि दगड फोडायला. परत आलात ते हातीपायी धडधाकट, आणि ट्रंकेत हा. आईनं मधलं स्वस्तिक पाहिलं आणि तिथल्या तिथं निकाल लावून टाकला, की हा देवच, यानंच माझा नवरा राखला. अमावास्येला त्याला हळदी-कुंकू व्हायचं. वर साऱ्या वस्तीला तिनं सांगून ठेवलं होतं, की मोठ्या गोऱ्या सायबानं बहादुरी पाहून ह्यांच्या गळ्यात घातला. मी तुम्हाला विचारलं की तुम्ही एवढंच म्हणायचात, "मिळाला." पुढं काही नाही. जणू काही बाजारात वांगी मिळाली.

मग छप्पन सालानंतर आपल्या वस्तीनं धम्म घेतला. घराघरातले देव बांबूच्या एका मोठ्या डालीत गोळा झाले. कुणी विकायचे नाहीत, कुणी फोडायचे नाहीत, सगळ्यांनी मिळून गोदावरीच्या डोहात सोडायचे असं ठरलं. ठरवणारे तुम्ही आणि डालही तुमच्याच डोक्यावर. मी मागं मागं चालत होतो. खडकावर उभं राहून तुम्ही ती डाल कपारीत पालथी केली, हात झटकले आणि निघालात. घरी आल्यावर मोकळा कोनाडा पाहून तुम्ही विचारलं, "अन् माझा तमगा कुठंय?" आई भाकरी थापत होती. "सारे देव द्यायचे म्हणले ना? मंग त्यो काय पाव्हणा व्हता?" तुम्ही खो-खो हसलात. मला मात्र रडू फुटलं, आणि हे वेड माझ्या मागं लागलं ते तिथून.

जालन्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चिकटलो, तेव्हा नोकरीपेक्षा जास्त आनंद मला तिथल्या सराफ्याचा झाला. लोक जुनी चांदी मोडायला आणायचे, त्यात म्हाताऱ्या शिपायांची पदकं यायची. "आटवायच्या आधी मला एकदा दाखवत जा," एवढंच मी एका सराफाला हात जोडून सांगून ठेवलं होतं. इंग्रजांची जमली, निजामाची जमली. जर्मनांचा तेवढा काही मिळेना. मनात सारखं तेच, आपल्या घरात होता, आपल्या आईनं बुडवला. औरंगाबादच्या छावणीत एक रिटायर्ड मेजर राहायचे, मोठे शौकीन. त्यांच्याकडं एकदा मी फुशारकी मारली, आमच्या घरी गळ्यातला क्रॉस होता म्हणून. ते हसले. "बेटा, ये चीज कोई जिंदा आदमी देता नहीं. मुर्दे के गले से उतारनी पडती है."

आबा, तुम्हाला सांगतो, त्या वाक्यानं माझं पार वाटोळं केलं. सुट्टीला घरी आलो, तुम्ही भाकरी कुस्करायला लागलात की मी तुमच्या बोटांकडं पाहायचो. हीच बोटं मेलेल्या माणसाच्या गळ्याशी गेली असतील का? म्हणूनच का तुम्ही "मिळाला"च्या पुढं बोलत नव्हतात? विचारायची छाती होत नव्हती. तमगा तर हवाच होता, जीव जायचा त्याच्यासाठी. आणि तो एकदा हातात आला, की तुमच्यापुढं धरून हा सोक्षमोक्षही लावायचा होता.

बहात्तरच्या दुष्काळात गोदावरी आटली तेव्हा मला वाटलं, हीच वेळ. रविवारी कुंभार पिंपळगावला एसटीतून उतरलो आणि घरी न येता थेट नदी गाठली. तुम्ही आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडत होता. डोहाच्या जागी नुसता चिखल राहिला होता. विजार वर खोचून मी त्या कपारीत उतरलो आणि खुरप्यानं उकरायला लागलो. दोन टाक निघाले. काळे पडले होते. ते मी खडकावर काढून ठेवले आणि पुढं उकरत राहिलो, एवढी अक्कल गहाण पडली होती माझी! पलीकडं झिऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायांनी ते पाहिलं. "अगं बया, याच्या बापानं देव बुडिवले अन् हे उकरून राह्यलंय!" झालं. बातमी कामावर गेली आणि अर्धी वस्ती हातातलं टाकून नदीवर आली.

पुढं चुलते, मागं तुम्ही. "काय रे, दुष्काळात देव आठवले व्हय? का चांदी आठवली?" चुलत्यांनी तिथूनच सुरुवात केली आणि मग तुमच्याकडं वळले. "भाषणं तू केलती. लोकायचे कोनाडे तू मोकळे केलते. बघ आता तुझं पोरगं!" कुणी नुसता नवस म्हटलं तरी त्याच्या अंगावर धावून जाणारे तुम्ही, खडकावरच्या त्या दोन टाकांकडं पाहत उभे होतात. तुमचा चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय हुडकतो?" तुम्ही विचारलंत.

"तमगा," मी म्हणालो, आणि जे इतके दिवस घशात अडकलं होतं ते सगळ्यांदेखत बाहेर पडलं. "आबा, खरं सांगा. मेलेल्याच्या गळ्यातून काढला होता का?"

तुम्ही आधी आईकडं पाहिलंत. ती कामावर वाटलेल्या सुकडीचा डबा छातीशी धरून उभी होती. मग तुम्ही मान खाजवलीत.

"काढला न्हाई रे बाबा. बदलून घेतला. कैद्यायच्या तळाला सडक करून राह्यलो व्हतो. तारेपल्याड एक जर्मन सायब रोज यायचा, सिग्रेटीपायी जीव चालल्ता त्याचा. म्या माझं पाकीट दिलं. त्यानं गळ्यातलं काढून माझ्या हातात कोंबलं. म्या नको म्हणलं तरी आयकंना. मला वाटलं, पट्ट्याचा बक्कल असंल."

"मंग इतके दिवस बोलले का न्हाईत?"

"काय बोलू? तुझ्या मायनं साऱ्या वस्तीत करून ठेवल्तं, गोऱ्या सायबानं गळ्यात घातला म्हून. तिच्या तोंडावर कसं सांगू, बिडीकाडीत आणला म्हून?"

"बिलकुल खोटं बोलून राह्यले हे!" आई ओरडली, पण तिच्या तोंडाला पदर लागला होता. चुलत्यांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, "म्हंजे अख्ख्या वस्तीनं सिग्रेटीच्या पाकिटाला हळदी-कुंकू वाह्यलं व्हय!" आणि जो हशा उठला! तहानेनं कोरड्या पडलेल्या बाया पोट धरून हसत होत्या. तुम्ही ते दोन टाक उचलून आपल्या हातानं परत कपारीत टाकलेत. पुढं मरेपर्यंत वस्तीनं तुम्हाला 'सिग्रेटवाले सायब' म्हणून चिडवलं आणि तुम्ही ते हसून घेतलंत. बहादुरीचा मान गेला, त्याची तुम्हाला फिकीर नव्हती. मला मात्र त्या दिवशी किती हलकं वाटलं म्हणून सांगू! रात्री तुम्ही भाकरी कुस्करलीत आणि मी तुमच्याच ताटात जेवलो, लहानपणीसारखा. सुटलो होतो मी.

हे कुठं पाठवायचं नाही हे कळतं मला. तुमचा पत्ता आता कुठल्या टपालात बसत नाही. लिहून ट्रंकेत ठेवीन. पण ज्यासाठी बसलो ते अजून लिहिलंच नाही.

हशा ओसरल्यावर तुम्ही मला विचारलं होतं, "सापडला का मंग?" मी म्हणालो, "न्हाई." तुम्ही म्हणालात, "चल तर घरी, ऊन व्हऊन राह्यलं." मी तेव्हा घोट्यापर्यंत चिखलात होतो, आणि उजव्या टाचेखाली चार फाट्यांचं, उंच कडांचं असं काहीतरी गार लागत होतं. वाकायचा अवकाश होता. पण वाकलो असतो तर तो जुना देव सगळ्यांसमोर पुन्हा वर आला असता, तुम्ही डोहाशी उभे असताना. आणि मला जे पाहिजे होतं ते तुमच्या तोंडून मिळालं होतं. मी टाच जोरात दाबली, तो आणखी खाली गेला. पुढच्या रविवारी येऊन काढता आला असता. आलो नाही. पुढं नदीला पाणी आलं.

सापडला होता, आबा. मी त्याच्यावरच उभा होतो.