'गप्पगार'मधला सिद्धू

सोलापूर,
४ नोव्हेंबर २०२४

ती. देवदत्तदादास,
उत्कर्षाचा शि. सा. न. वि. वि.

मोबाईल बंद करून कुर्डुवाडीत बसलायस, म्हणून पत्र. तुमच्या 'सात रस्ता' ग्रुपचा 'गप्पगार' पिक्चर कॉलेजची पोरं डोक्यावर घेऊन नाचताहेत रे! पॉप गाणारे तुम्ही चौघं, आणि पिक्चरात ना गाणं ना आवाज, म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी लोकांनी खुर्च्या मोडल्या होत्या. आता त्याचे टी-शर्ट निघालेत. जानेवारीत इथं खेळ आहे.

पण फिरतेय ती कापलेली प्रत. तुमच्या चौघांतल्या सिद्धूचा शेवटचा प्रसंग फक्त तुझ्याकडच्या कॅसेटमध्ये आहे. त्याची आई सुंदरम्मा रोज दारात येते. काचबिंदूनं तिची नजर जात चाललीय. म्हणते, हलता-चालता लेक एकदा बघू दे, मग डोळे गेले तरी जाऊ देत. दादा, पाया पडते, कॅसेट घेऊन ये.

बाकी घरी सगळे बरे. रागाव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
उत्कर्षा

कुर्डुवाडी,
१९ नोव्हेंबर

चि. उत्कर्षास अनेक आशीर्वाद.

नाही. पुन्हा विचारू नकोस. त्याच प्रसंगाला थेटर सगळ्यात जास्त हसलं होतं. शिट्ट्या, शिव्या, सगळं सिद्धूनं पहिल्या रांगेत बसून ऐकलं. आठवड्याच्या आत त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली. चुकून गेली की मुद्दाम, हे मी अजून स्वतःला विचारतो. आता ही पोरं हसणार आणि त्याची आई ते ऐकणार? माझ्यानं नाही बघवणार.

तब्येतीला जप. माया आहेच.

दादा

सोलापूर,
२ डिसेंबर

ती. दादास सा. न.

हसू देत की! तू हसण्याला भितोस, आणि सुंदरम्मा काल माझ्या घरात दारावर आपटली. एक डोळा पार गेलाय. अजून किती वाट बघायला लावणार आहेस? ये रे बाबा, ये.

उत्कर्षा

कुर्डुवाडी,
२१ जानेवारी २०२५

चि. उत्कर्षास आशीर्वाद.

परवाच्या खेळाला तू मागं बसली होतीस, म्हणून लिहितो. पोरांनी कॅसेट नीट चालवली. सिद्धू पडद्यावर आला, आणि सुंदरम्मानं माझा हात धरून विचारलं, आला का रे? तिला नुसता उजेड दिसत होता. मी उशीर केला गं. फार उशीर केला. निदान त्याचा आवाज तरी असता! आमच्या शहाणपणानं तोही ठेवला नव्हता.

मग मी तिच्या कानाशी लागून सांगत राहिलो. अव्वा, तळ्याकाठी बसलाय. केस लई वाढलेत. शेंगा फोडून खातोय. मागं कुणी हसलं, कुणी त्याला गप्प केलं. मी सांगायचं थांबलो नाही.

तिनं एवढंच विचारलं, नुसत्या शेंगा? त्या दिवशी जेवला नव्हता का तो?

जेवला होता, पोटभर, असं मी म्हणालो. खरं तर शूटिंगभर आम्ही चौघंही शेंगांवरच होतो. ती बरं म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तिच्याकडे जात जा. माझ्यावरही माया राहू दे.

तुझा दादा,
देवदत्त