खोडलेला ‘न’

ता. ९ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे. स्वतः जिना उतरून पेपर आणते आणि तुझं पत्र का येत नाही म्हणून माझं डोकं खाते. तुझ्या भावजींचा खोकला चालूच. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत तुझ्या टेबलावर आता फायलींची थप्पी आहे.

लिहायचं होतं ते वेगळंच.

तुला तिथे मीच चिकटवलं. बावीस वर्षं मी मुद्रितं तपासली. संपादकांनी ‘ठीक’च्या पुढे कधी शब्द काढला नाही. तुला सहा महिने झाले नव्हते, आणि तुझ्या कामावर त्यांनी शेरा मारला, ‘इम्पेकेबल!’ वर मलाच म्हणाले, “बाई, धाकटीकडून शिका जरा.” मी हसले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

पुढे कोशातली नोंद लिहायला तोच शब्द तुझ्या वाट्याला आला. तू लिहिलंस: ‘लॅटिन पेक्कारे म्हणजे पाप करणे, चुकणे, आधीचं इम् नकाराचं. मूळ अर्थ, पाप करू न शकणारा. त्यावरून निर्दोष, बिनचूक.’ सुरेख होतं गं. म्हणूनच सहन झालं नाही.

छापायला जाण्याआधीचं शेवटचं मुद्रित माझ्यापुढे आलं. मी ‘न’ खोडला.

‘पाप करू शकणारा’ असं छापून आलं आणि कोशाचं हसं झालं. तू म्हणालीस, “ताई, माझ्याकडूनच राहिलं असेल,” आणि राजीनामा दिलास. तुझं सामान मी बांधून दिलं. तेव्हा मला बरं वाटत होतं, हेही लिहूनच टाकते.

काल ते जुनं मुद्रित काढून संपादकांपुढे ठेवलं. खोडलेल्या जागी माझी सही आहे. त्यांनी चष्मा लावून सही पाहिली. मग म्हणाले, “सख्ख्या बहिणीचं खोडलंत?” एवढंच. माझी नोकरी गेली.

तुला परत बोलावणारं त्यांचं पत्र सोबत आहे. उघडंच दिलं होतं, मी दोनदा वाचलं. तुझं कौतुक आहे त्यात. खोटं कशाला बोलू, अजून पोटात दुखतं. तरी पाठवते आहे.

ये. आईला काही सांगितलेलं नाही. तू आलीस की तुझ्यासमोर मीच सांगेन.

तू अजून म्हणणार असशील तर,
तुझी ताई