अकराव्या ओळीतले सत्तेचाळीस

ती. मामांना साष्टांग नमस्कार. (टेबलापासून दारापर्यंत कागद पसरलेत, तेव्हा तो बसल्या जागेवरूनच घातला असं समजा.) तुमचे नवे दात बसले का? मामी म्हणाली, तुम्ही ते फक्त पाहुण्यांसमोर लावता. मी मजेत आहे. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

तुम्ही दर वेळी विचारता, सहा वर्षं करतेस तरी काय? तर ऐका. अनंत मितींची ली बीजगणितं नावाचं एक प्रकरण आहे. त्यांना मुळं असतात. त्यातली वास्तव मुळं शहाणी. प्रत्येक एकदाच हजेरी लावतं. काल्पनिक मुळांना मात्र धरबंध नाही. एकच मूळ दहादा येईल, नाहीतर चाळीसदा. ते कितीदा येतं, हे मी मोजते. (हसू नका. कुणीतरी मोजायला हवंच.) माझ्या प्रबंधाचं म्हणणं एका वाक्याचं आहे: हा आकडा माझ्या सूत्राने आखलेल्या मर्यादेबाहेर कधीच जात नाही. बाकीची दोनशे पानं त्या वाक्याची मनधरणी करण्यात गेली आहेत.

हा प्रबंध मी विभागाच्या कचेरीत दिला. तिथे पट्टीबाई बसतात. खरं नाव कुणाला ठाऊक नाही. त्या प्रत्येक पानाचा समास पट्टीने मोजतात. गणिताशी त्यांना काही देणंघेणं नाही. पहिल्यांदा प्रबंध समासासाठी परत आला, दुसऱ्यांदा पानांचे आकडे मधोमध नव्हते म्हणून, तिसऱ्यांदा माझी सही निळ्या शाईत होती म्हणून. (काळ्या शाईत माझं म्हणणं जास्त खरं ठरतं की काय, देव जाणे.) चौथ्यांदा त्यांनी माझ्या आकड्यांच्या तक्त्यातल्या अकराव्या ओळीखाली पट्टी धरली. (हा तक्ता आरशासारखा असतो, जे डावीकडे तेच उजवीकडे यायला हवं.) म्हणाल्या, "बाकी सगळ्या ओळी दोन्हीकडून सारख्या. इथे डावीकडे शेहेचाळीस, उजवीकडे सत्तेचाळीस. काय ते एक ठरव आणि आण."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला! माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, एक बाजू मोज आणि दुसरी तशीच उतरवून काढ. पण माझा स्वभाव तुम्ही जाणता. मी दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या, त्यात आठ महिने घालवले, आणि शेवटी त्या एकमेकींशी ताडून बघायचंच राहिलं. सरांनी तक्ता चारदा वाचला, दोन परिषदांत तो भिंतीवर झळकला, कुणाला काही दिसलं नाही. घरी येऊन पुन्हा मोजलं. सत्तेचाळीस. सूत्राची मर्यादा शेहेचाळीस. म्हणजे एका आकड्यापायी सगळं मुसळ केरात. मला त्या बाईंचा भयंकर राग आलाय.

मामीला नमस्कार.

तुमची वैतागलेली भाची

ता. क. घरी येऊन मी काही मोजलं नाही. गरजच नव्हती. दोन वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंना सत्तेचाळीसच आलं होतं. माझीच कुठेतरी चूक झाली असणार, अशी मनाची समजूत घालून डावीकडचा आकडा मी बदलला. उजवीकडचा बदलायचा राहिला.

ता. क. २ सरांना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी अकराला सांगणार आहे. तुम्ही याल का, मामा? आत यायला नको. बाहेर बाक आहे, तिथे नुसते बसून राहा, म्हणजे मला दारातून परत फिरता येणार नाही.