निंबाखालची बाज

माय, भर उन्हात बाज टाकून बसतो म्हणजे माह्यं डोकं फिरलं नाही. कोणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो. घरात कूलर आहे, चांगला चालते. पण अमरावतीतले सारे दारं लावून आत बसतेत, अन् मी अंगणात निंबाखाली. सून खिडकीतून पाह्यते. म्हणून तुले लिहून राह्यलो. चौथीतून शाळा सुटलेल्याची चिठ्ठी आहे, अक्षर पाहू नको. तुले तं वाचताच येत नव्हतं, म्हणजे बरंच झालं.

अकोल्याची आपली खोली कापसातली सरकी काढाच्या जिनाच्या भिंतीले लागून, अन् चाळीच्या मधात एक निंब. दिवाळीपासून तू जिनात कापूस उचलाले जाये. नाकाले फडकं बांधे, तरी बारीक रुई छातीत जाये. थंडीभर तुह्या छातीत मांजर गुरगुरल्यासारखं वाजे. चैत लागला की कापूस सरे, जीन बंद होये, अन् तिकडं निंब फुले. तुहा दम उतरे. तू म्हणे, झाडानं उतरवला. दुपारी बाज ओढून त्याच्याखाली पडे. शेजारची काकू दारातून ओरडे, "अवं, उन्हानं मरशीन. घरात ये." तू डोळे न उघडता म्हणे, "सकाळी हे झाड गप असते. आता सोडून राह्यलं. जेवढं तापते तेवढा वास सोडते." काकू म्हणे, "सोडाचंच असन तं माह्या चुलीसाठी दोन लाकडं सोड म्हणा त्याले."

जुनं लुगडं फाडून तू फडके केले होते. फुलाच्या दिवसात ते खालच्या फांदीवर टाकून ठेवे, मंग घडी घालून पत्र्याच्या डब्यात दाबे, घट्ट झाकण लावे. दिवाळीले जीन सुरू झालं की डबा उघडे. मी नाक लावून पाह्यलं होतं. पत्र्याचा वास होता, दुसरा काही नाही. तू फडकं नाकाले बांधून म्हणे, "आहे ना रे, थोडा आहे." अन् कामावर जाये.

मंग चाळीच्या मालकाले तिथं आणखी दोन खोल्या काढायच्या होत्या. महाराष्ट्र नवीन झाला होता, त्या सुमारास. दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन आले तेव्हा तू बाजेवर आहे, मी दारात.

"बाई, उठा. झाड पाडाचं आहे."

"फूल गळू दे, मंग पाड."

"कधी गळन?"

"मले काय पुसता, झाडाले पुसा."

त्याईनं मालकाचं नाव घेतलं, तं तू कूस बदलली, बस. ऊन असं की कुऱ्हाडीच्या पात्याले हात लावता येईना. दोघं सावलीत टेकले. एक जण वर पाहून म्हणतो, "वास तं लय सुटला बुवा." तू म्हणते, "आता समजलं?" ऊन कलेपर्यंत दोघंही तिथंच घोरले. मालकानं मंग खोल्या मागच्या अंगाले काढल्या. झाड राह्यलं. तू मात्र त्याच्या पुढच्याच थंडीत गेली, जीन चालू असताना.

परवा नात बाजेच्या कोपऱ्यावर येऊन बसली. कॉलेजात आहे. म्हणे, "आबा, झाडाच्या पानातून काहीतरी हवेत निघत असते. डोळ्याले दिसत नाही. ऊन वाढलं की बऱ्याच झाडायतून जास्त निघते." मी उठूनच बसलो. म्हटलं, हे तुले कोणी सांगितलं? म्हणे, पुस्तकात आहे. उन्हाचा ताव सोसावा, किडे दूर राहावे, म्हणून झाड सोडते म्हणे. आपल्यासाठी नाही. गाड्यायच्या धुरात ते मिसळलं तं उन्हात हवा बिघडते बी म्हणे. म्हटलं, तो धुराचा दोष. अन् वर पाहून राह्यलो. गावभर एवढे निंब, एवढ्या चिंचा, पिंपळ. सारे उभ्या जागी सोडून राह्यले. आवाज नाही, दिसत नाही, अन् सायकलवाला, भाजीवाली, पोलिस, सारे ते छातीत घेऊन चालले, कोणाले पत्ता नाही. झाडाले बी आपला पत्ता नाही. मले देवळात बी असं कधी वाटलं नव्हतं. एवढ्या उन्हात अंगावर काटा आला, माय. तू हे नुसती पडल्या पडल्या ओळखून बसली होती.

मंग नात म्हणे, "पणजीचा दम खरंच झाडानं उतरे, का जीन बंद झाल्यानं?" पोरगी हुशार आहे. मी म्हटलं, जा, पाणी आण.

ही चिठ्ठी कुठं टाकायची नाही. तुह्या डब्यात ठेवून राह्यलो. डबा अजून आहे. त्यात यंदाच्या फुलाखालचं एक फडकं बी घडी करून दाबलं, झाकण घट्ट लावलं. दिवाळीले उघडीन. काहून ठेवलं ते विचारू नको. नातीले नाही सांगितलं, तुले बी नाही सांगत.